समोरचं साफ कर

६ जानेवारी

बाबा,

हे पत्र मुलाचं नाही, गिऱ्हाइकाचं आहे. तसंच वाचा.

सोबत दोन रोल आहेत, ब्लॅक अँड व्हाइट, छत्तीस फोटोंचे. बेटावर रोल धुणारा कोणी नाही. जवळचा स्टुडिओ बोटीने दोन दिवसांवर, आणि त्याने मागच्या वर्षी साहेबांच्या सहा रोलांची वाट लावली. साहेब म्हणजे इथल्या पक्षीगणनेचे प्रमुख. त्यांनी विचारलं, "कोणी खात्रीचा माणूस माहीत आहे का?" मी तुमचं नाव सांगितलं. तुमचं माझं पटत नाही, पण तुमच्या हातून रोल बिघडलेला मी पाहिलेला नाही. खोटं कशाला बोलू?

काम असं: घरटं शोधायचं, जवळ नंबराची खुंटी ठोकायची, फोटो काढायचा, वहीत नोंद करायची. पत्र्याच्या एका खोलीत आम्ही तिघं राहतो. साहेब, मी आणि नावाडी. नावाड्याला 'रेडिओ' म्हणतात, कारण तो दिवसाला दोन वाक्यं बोलतो आणि दोन्ही हवामानाची.

मेअखेर हंगाम संपतो. एक जागा कायमची भरायची आहे. आजूबाजूच्या बेटांवर माझ्यासारखे आणखी दोघं आहेत. ज्याचा फोटो वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर येईल त्याची शिफारस होईल, असं साहेब जेवताना बोलून गेले. ती जागा मला हवी आहे. ग्रंथपालांच्या मुलीने मला शब्द दिलाय की मेपर्यंत ती घरच्यांना थोपवून धरेल. मग त्यांच्या दारात कायमच्या नोकरीतला माणूस उभा राहील, कॉलेजातून हाकललेला नाही. आणि मला हाकललेलं नव्हतं. वर्गातला एक जण तिच्याबद्दल वाह्यात बोलला, मी त्याच्या कानाखाली वाजवली, कॉलेजने माफीचा कागद लिहून द्यायला सांगितला, मी दिला नाही आणि निघालो. तुम्हीही 'दे लिहून' म्हणालात, ते मी विसरलेलो नाही.

बघा, गिऱ्हाईक म्हणून लिहायला बसलो आणि मधेच मुलगा घुसला. रोल नीट धुवा.


२१ जानेवारी

लवंगी,

गिऱ्हाइकाचं नाव पाकिटावर लिहावं लागतं. घरात तू याच नावाने ओळखला जातोस. वात एवढीशी, आवाज केवढा.

पहिला रोल जळलाय. समुद्रावरच्या उजेडाला तू दुकानातल्या दिव्यासारखं वागवतोस. तो पाण्यावरून परत वर येतो, म्हणजे दुप्पट धर. दुसरा रोल बरा. नऊ फोटोंत क्षितिज डावीकडे उतरलंय, समुद्र सांडेल. सातवा आणि बाविसावा हललेत. तिसावा चांगला आहे. मी शक्यतो चांगला म्हणत नाही हे तुला माहीत आहे.

अठराव्यात वाळूवर तुझीच सावली आली आहे. गळ्यापाशी शर्ट लोंबतोय. तुझी आई काउंटरवरून विचारत होती, "दाखवा की, काय काय काढलंय त्यानं." मी म्हटलं, सगळे पक्षीच आहेत. तिला ती सावली दाखवली नाही. जेवत जा.

ग्रंथपाल परवा दुकानात येऊन गेले. कामाचं बोलले, बसले नाहीत.

कॉलेजचं तू काढलंस म्हणून लिहितो. 'दे लिहून' म्हणालो, ते तुझी चूक होती म्हणून नव्हे. एका कागदावर भागत होतं म्हणून.

पुढचे रोल ओल्या कापडात गुंडाळून पाठवू नकोस. कोणी सांगितलं तुला हे?


४ फेब्रुवारी

बाबा,

ओलं कापड रेडिओने सुचवलं होतं. त्याने आयुष्यात हवामान सोडून पहिल्यांदाच काही सांगितलं आणि तेही चुकीचं.

तुम्ही म्हणालात तसा उजेड दुप्पट धरतोय. पण इथं फोटो काढण्यापेक्षा कॅमेरा जिवंत ठेवणं अवघड आहे. रात्री तो तांदळाच्या डब्यात झोपतो, म्हणजे दमट हवा तांदूळ पितात. परवा खाडीच्या चिखलात मांडीपर्यंत रुतलो. कॅमेरा डोक्यावर धरून अर्धा तास उभा. भरती चढत होती. साहेब काठावरून ओरडले, "घाबरू नकोस, कॅमेरा सरकारी आहे!" रेडिओने दोर टाकला आणि म्हणाला, "वारा पडलाय." हसून हसून मी आणखी वीतभर खाली गेलो. सोमवारी एका खेकड्याने लेन्सचं झाकण पळवलं. बिळात हात घातला, तर त्याने बोटही ठेवून घ्यायचा प्रयत्न केला.

पण खरी बातमी वेगळी आहे. खारफुटीत, अगदी आत, पांढऱ्या समुद्रबगळ्याचं घरटं सापडलं. खुंटी नंबर एकतीस. तीन अंडी, फिकट निळसर. या बेटावर ही जात सात वर्षांनी घरटं करतेय. साहेब दोन दिवस माझ्याशी 'अहो-जाहो' बोलत होते. बाबा, मुखपृष्ठ हेच. पिल्लं बाहेर येऊ देत, आई भरवायला येऊ दे, तो एक फोटो मला मिळाला की झालं.

तिला तीन पत्रं टाकली. उत्तर नाही. बोटीवाले टपालाची पिशवी उशाला घेतात, त्यातच कुठे गेलं असणार. ग्रंथपाल कशाला आले होते? तुम्ही एका ओळीत सांगता आणि मी पंधरा दिवस ती ओळ चघळत बसतो.


१९ फेब्रुवारी

लवंगी,

दोन्ही रोल उत्तम. क्षितिजही सरळ. चिखलात रुतल्यावर माणूस सरळ होतो असं दिसतंय.

एकतीस नंबरचं मात्र जमलेलं नाही. अंडी आहेत हे तू लिहिलंस म्हणून कळलं. फोटोत नुसती पानं आहेत. पुढे पानं, मागे पानं, मधे एक पांढरा ठिपका, तो बगळा की कागदाचा कपटा ते सांगता येत नाही. मुखपृष्ठाला हे चालणार नाही. चाळीस वर्षं लोकांना समोर बसवतोय, एकच गोष्ट सांगतो: आधी समोरचं साफ कर, मग बटण दाब. फुलदाणी असो, कोणाचा हात असो, जे आड येतं ते काढायचं. डोळा सरळ चेहऱ्यावर गेला पाहिजे.

ग्रंथपालांचं काम साधं होतं. तू तुझ्या कामात लक्ष घाल.

आईने स्वेटर विणायला घेतलाय. मी सांगितलं, तिथं घाम येतो. ती म्हणाली, "मग परत आल्यावर घालेल." हे मी तसंच्या तसं कळवतोय, माझ्याकडून काही जोडलेलं नाही.


५ मार्च

बाबा,

मिळाला!

तुमचं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी तिन्ही पिल्लं बाहेर आली होती. आठवडा थांबलो. मग सोमवारी सकाळी तुम्ही म्हणालात ते केलं. समोरचं साफ केलं. तीनच फांद्या, जास्त नाही. अकराव्या फ्रेममध्ये आई वाकून भरवतेय, तिन्ही चोची वर, आणि मधे काही म्हणजे काही नाही. बटण दाबलं तेव्हाच कळलं. फोटो हललेला नाही, पैज लावतो.

साहेब दुसऱ्या बेटावर गेलेत, दहा दिवसांनी येतील. तोवर त्यांना काही सांगणार नाही. तुम्ही फक्त अकरावी फ्रेम धुवा आणि मोठी छापा, तुमच्या हाताने, त्या जाड कागदावर. बाकीच्या धुतल्या नाहीत तरी चालेल. बाकी काही विशेष नाही त्यात. त्या बघतही बसू नका.

पिल्लं छान आहेत.

तिला हा फोटो सगळ्यात आधी दाखवायचा आहे. एक छोटी प्रत तुम्ही नेऊन द्याल का? वाचनालय दुकानापासून चार दुकानं सोडून तर आहे. फक्त द्यायची. काही बोलायची गरज नाही.

इथं आता ऊन फार वाढलंय.


२१ मार्च

लवंगी,

अर्धा रोल धुता येत नाही. हे तू दुसरीत असताना स्टुलावर उभा राहून शिकला होतास. म्हणजे तुला माहीत होतं, आणि तरी तू लिहिलंस.

मी पूर्ण रोल धुतला. आता मला जे दिसलं ते लिहितो.

अकरावा फोटो मी पाहिलेल्या उत्तम फोटोंपैकी आहे. छापताना मी दोनदा कागद फुकट घालवला, कारण डार्करूममध्ये उभा राहून बघतच बसलो.

बाराव्यापासून आई घरट्याच्या काठावर पंख पसरून उभी आहे. तेरा, चौदा, पंधरा, तशीच. आधी मला वाटलं रुबाब करतेय. मग सावल्या बघितल्या. सोळाव्यात सूर्य माथ्यावर आहे. ती पिल्लांवर सावली धरून उभी आहे, आणि तिची सावली तिघांना पुरत नाही. उजव्या कोपऱ्यात छाटलेल्या फांदीचं टोक आहे, ताजं. एकोणिसाव्यात ती नाही. कदाचित तू जवळ गेलास. चोविसाव्यात तिन्ही माना खाली आहेत. सत्ताविसाव्यात घरट्यावर तुझा हात आहे. अठ्ठाविसाव्यापासून छत्तीसपर्यंत रिकामं घरटं, नऊ वेळा, एकाच जागेवरून.

पिल्लं छान आहेत असं तू लिहिलंस.

पानं काय करत होती ते मला माहीत नव्हतं. मी खुर्च्या-पडद्यांतला माणूस. 'समोरचं साफ कर' हे मी दिवसातून वीसदा म्हणतो, तसंच तुला म्हणालो. मला म्हणायचं होतं, जागा बदल, वाट बघ, वाऱ्याने पानं हलतील तेव्हा घे. ते मी लिहिलं नाही. तेव्हा साहेबांनी विचारलं तर सांग, बापाने सांगितलं म्हणून केलं. हे पत्र दाखव.

मोठा फोटो सोबत आहे. पूर्ण रोलची कॉन्टॅक्ट शीटही आहे, सगळ्या चौकटी छोट्या आकारात एकाच कागदावर, छत्तीसच्या छत्तीस. दोन्हीपैकी साहेबांसमोर काय ठेवायचं ते तुझं तू ठरव. मी सांगणार नाही. माझं सांगणं एकदा पुरलं.

वाचनालयात गेलो नाही.


३ एप्रिल

छत्तीसच्या छत्तीस?

मोजा बाबा. तीस. सहा-सहा चौकटींच्या पाच पट्ट्या माझ्या आहेत. शेवटची पट्टी माझी नाही.

बोटीच्या धक्क्यावर उभा राहून पाकीट फोडलं. आधी तुमचं पत्र वाचलं. ते वाचून वाळूत बसलो होतो, साहेबांना काय सांगायचं याचा विचार करत, आणि तेवढ्यात खाली, सगळ्यात खाली, घरट्याच्या जागी माणसं दिसली. एवढीएवढीशी. भिंग लावून बघितलं. नटलेली. शेजारी सुटातला कोणीतरी, त्याची टाय वाकडी. सहाच्या सहा चौकटींत ती आहे. आणि तिसऱ्या चौकटीत ती हसतेय. कॅमेऱ्याकडे बघून. म्हणजे तुमच्याकडे.

जानेवारीत ग्रंथपाल 'कामाचं' बोलले ते हे काम. फेब्रुवारीत 'साधं' होतं ते हे. तुम्हाला दोन महिने माहीत होतं. मी चिखलात, उन्हात, एका फोटोमागे जीव टाकतोय आणि का टाकतोय हेही तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही मला क्षितिज सरळ ठेवायला शिकवत बसलात! वर तुम्हीच जाऊन तिच्या लग्नाचे फोटो काढलेत. गावात दुसरा फोटोवाला मेला होता का? काय बोललात तिला हसवायला? लहान पोरांना सांगता तसं, 'इकडे बघ, चिमणी उडाली'?

त्या तीन फांद्या मी तिच्यासाठी छाटल्या. लक्षात घ्या. ज्या दिवशी छाटल्या त्या दिवशी तिची तारीख ठरलेली होती. मला एका ओळीने कळवलं असतंत तर ती पिल्लं आज उडायला शिकत असती. मला सावलीची अक्कल नव्हती हे खरं, पण घाई कोणी लावली होती?

मोठा फोटो मी साहेबांना देऊन टाकला. नुसता फोटो. त्यांनी तो दिव्याखाली धरला. मग म्हणाले, "कसा काय इतका साफ आला रे?" मी म्हणालो, नशीब. पिल्लांचं विचारलं तेव्हा म्हणालो, ऊन लागलं. शिफारस जाणार आहे. जागा मला मिळेल आणि मी इथंच राहीन. घरी येणार नाही. तुमच्या दुकानाकडे तर नाहीच नाही. यापुढचे रोल दुसरीकडे जातील, बिघडले तर बिघडले.


१८ एप्रिल

लवंगी,

रोल नाही, तरी पत्र लिहितोय. फाडलंस तर फाड.

तुझा रोल आणि तो रोल एकाच दोरीवर वाळत होते. निगेटिव्हमध्ये पांढरं सगळं काळं दिसतं. उन्हातलं घरटंही काळं, नवरीचे कपडेही काळे. लाल दिव्यात, चष्मा वाफेने भरलेला, पट्टी बदलली गेली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. ही चूक. पुढचं ऐक: शीट वाळल्यावर पाकिटात घालताना मला ती दिसली होती. मी दुसरी शीट काढू शकत होतो. काढली नाही. दोन महिने हाताने लिहिता येत नव्हतं, ते आयतं लिहून झालं होतं. हा भ्याडपणा आहे. तू मला शिव्या दिल्यास त्यात हा शब्द नव्हता, म्हणून मी घालतो.

ग्रंथपालांना मी दोनदा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा ती स्वतः आली. म्हणाली, "काका, तुम्हीच काढा. परक्यासमोर मला उभं राहवणार नाही." तुझी पत्रं तिला मिळाली होती, सगळी. मी विचारलं, घरचे जबरदस्ती करताहेत का. म्हणाली, नाही. त्यांनी विचारलं, मी हो म्हणाले. मे फार लांब वाटला. असंच म्हणाली. तुला दुसरं काही ऐकायला आवडेल, पण मी तेच लिहिणार जे ऐकलं.

तिला हसवायला काय बोललो ते विचारलंस. दोन फोटो झाल्यावर तिने हळूच विचारलं, "तो कसा आहे?" शेजारचा टाय सारखी करत होता. मी म्हणालो, मजेत आहे, त्याच्या बगळ्याला तीन पिल्लं झालीत. तुझं पाच तारखेचं पत्र त्याच दिवशी दुपारी आलं होतं, खिशातच होतं, रोल अजून धुतला नव्हता. ती हसली तो हा फोटो. तेव्हा पिल्लं मरून बारा दिवस झाले होते, आणि हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

ते निगेटिव्ह त्यांना दिलं. आपल्याकडे प्रत ठेवलेली नाही.

तू येणार नाहीस हे आईला सांगितलेलं नाही. सांगायचं असेल तर तू सांग.


२ मे

बाबा,

तुमचं पत्र चार दिवस उशाखाली ठेवलं आणि मग वाचलं. भ्याडपणा हा शब्द मी लिहिणार होतो, पण तो लिहिताना मला माझंच 'पिल्लं छान आहेत' आठवलं. म्हणून गाळला.

मंगळवारी साहेबांना कॉन्टॅक्ट शीट दिली. शेवटची पट्टी कापून. ती त्यांच्या कामाची नव्हती. मोठा फोटो खिडकीच्या वर खिळ्याला लावला होता त्यांनी. त्याच्याखाली बसून एकेक चौकट बघत गेले. चोविसाव्यावर थांबले. सत्ताविसाव्यावर भिंग खाली ठेवलं. म्हणाले, "सात वर्षं." एवढंच. ओरडले असते तर मी पण ओरडलो असतो, आपल्याला तेवढंच येतं. पण ते ओरडले नाहीत.

मग विचारलं, "पानं काढायला कोणी सांगितलं?"

तुमचं पत्र खिशात होतं. मी म्हणालो, कोणी नाही. हा उपकार नाही. तुम्ही दुकानात बसून साफ म्हणालात. कोयता माझ्या हातात होता, आणि ती पंख पसरून उभी होती तेव्हा मी अजून सात फोटो घेत होतो. तिची सावली पुरत नाही हे मला दिसत होतं, बाबा. वाटलं, अजून एक घेऊ, कदाचित अकराव्यापेक्षा चांगला येईल. हे फोटोत दिसत नाही, म्हणून लिहितोय.

शिफारस त्यांनी फाडली. जागा शेजारच्या बेटावरच्या पोराला जाईल. त्याचे फोटो हललेले असतात. मुखपृष्ठावर यंदा नकाशा छापणार.

नंतर त्यांनी नोंदवही पुढे केली. घरट्याची शेवटची नोंद त्या-त्या माणसानेच करायची असते. नंबर एकतीस, पिल्लं तीन, मृत. मी दोन महिने तो रकाना कोरा ठेवला होता. मृत्यूचं कारण लांबलचक लिहायचं नसतं, वहीच्या पहिल्या पानावर आकडे छापलेत. एक ऊन, दोन वादळ, तीन साप, चार दुसरा पक्षी, पाच माणूस. मी पेन्सिल एकावर नेली. ऊन हेही खरंच होतं, कोणी खोटं म्हटलं नसतं. साहेब बघत होते. रेडिओ दारात उभा होता.

मी मागची पानं चाळली. सगळी, पहिल्या वर्षापासून. एक, तीन, एक, दोन, चार, एक. या बेटावर पाच आकडा आजवर एकदाही पडलेला नाही. पडणार कसा? इथं आमच्याशिवाय कोणी येतच नाही.

मी पाच लिहिलं.

बोट बुधवारी निघते, शनिवारी दुपारी धक्क्याला लागते. आईला मी स्वतः सांगेन काय ते. तुम्ही दुकान बंद करून येऊ नका, मी चालत येईन. रस्ता वाचनालयावरूनच जातो, दुसरा नाही. तेवढं अंतर मला एकट्याला चालू द्या.